फॅनबेल्टचा आवाज पूर्ववत करणेबाबत

रत्नपाल रामटेके हा कोहमाऱ्याच्या चौकात जीप, ट्रॅक्टर आणि मेटॅडोर दुरुस्त करणारा मिस्त्री. आपल्या गॅरेजमधून एकही गाडी बिघाड घेऊन बाहेर गेलेली नाही, असे तो सांगायचा आणि ते खरे होते. अशा माणसाकडे २००३ साली आमच्या गावाने लेखी मागणी केली की, त्याने एक चांगली चालणारी गाडी पुन्हा पहिल्यासारखी करून द्यावी. अर्जाचा मसुदा माझा होता. त्यामुळे जे घडले ते क्रमाने सांगणेही मलाच भाग आहे.

रत्नपाल तेव्हा चाळिशीचा असेल. उंच, हडकुळा, बोलायला कमी. महामार्गावरच्या एका सरदारजींच्या गॅरेजात त्याने बारा वर्षे काढली होती. सरदारजींनी त्याला शिकवले ते एवढेच : "पहले सुन, फिर खोल." गाडी आली की तो पान्याला हात लावत नसे. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी गाडीमालकाने बोललेले त्याला चालत नसे. "तुम्ही चूप राहा जी, गाडी सांगून राहिली ना," असे तो डोळे न उघडता म्हणायचा.

या कानांचा त्याच्या घरच्यांना त्रास होता. एकदा मेहुणीच्या लग्नाला नवरा-बायको एसटीने गोंदियाला निघाले. वाटेत त्याला गिअरबॉक्समधून कसला तरी आवाज ऐकू आला. त्याने जाऊन ड्रायव्हरला सांगितले. ड्रायव्हर म्हणाला, बसायचे तर बसा. रत्नपाल उतरला आणि सात किलोमीटर चालत परत आला. ललिताबाई एकट्या लग्नाला गेल्या. बस सुखरूप पोचली, हे त्या त्याला वर्षातून चार वेळा तरी ऐकवतात. त्याचे उत्तर ठरलेले : "पोचली. पन कशी पोचली, थे पाहा ना."

आता आमच्या गावाबद्दल. बोडीटोला हे कोहमाऱ्यापासून अकरा किलोमीटर आत आहे. मी तेथून रोज सडक अर्जुनीच्या कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक म्हणून जात असे. त्या काळी गावात एसटी येत नव्हती. खुशाल कापगतेची काळीपिवळी, म्हणजे सवारी जीप, तेवढी एक होती. ती कोहमाऱ्यावरून सडक अर्जुनीला जायची. तिला ठरलेली वेळ नव्हती. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, पुरेशा सवाऱ्या मिळाल्या की ती निघायची. कधी साडेआठला, कधी साडेनऊला. रस्ता तलावाच्या पलीकडच्या काठाने येतो आणि घरे अलीकडे, रस्त्यापासून आत. गाडी आली हे घरातून दिसत नाही.

पण ऐकू येत असे. खुशालच्या गाडीचा फॅनबेल्ट किंचाळायचा. हा पट्टा इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो आणि पंखा, पाण्याचा पंप व डायनामो फिरवतो. गाडी तलावाच्या बांधाचा, पाळीचा चढ चढायला लागली की इंजिनावर भार यायचा आणि पट्टा एक लांब किंकाळी फोडायचा. ती पाण्यावरून सरळ आमच्या घराघरांत यायची. पहिल्या किंकाळीला अंगात सदरा घालायचा. वळणावर दुसरी यायची, ती जरा बारीक. तिला कुलूप लावायचे. तिसरी हातपंपाजवळ. तिला जो दाराबाहेर नसेल त्याची गाडी गेली. दोन वर्षांत सगळे गाव या तीन किंकाळ्यांना सरावले होते. लहान मुलांनाही त्यांतला फरक कळायचा. मी मात्र घड्याळ लावून साडेआठलाच हातपंपाजवळ जाऊन उभा राहत असे, मग गाडी केव्हाही येवो.

सप्टेंबरच्या एका सोमवारी कोहमाऱ्याच्या अलीकडे जीपच्या बोनेटमधून वाफ आली. कशीबशी ती रत्नपालच्या दारात पोचली. बाकीच्या सवाऱ्या दुसऱ्या गाड्यांत गेल्या. माझा त्या दिवशी अर्धा दिवस रजेचा अर्ज मंजूर होता, म्हणून मी थांबलो.

रत्नपालने इंजिन चालू करायला लावले. पट्टा किंचाळला. रत्नपालचा चेहरा दात दुखत असल्यासारखा झाला.

"काऊन गा खुशाल, किती दिवसांचा आहे हा आवाज?"

"दोन वर्सं झाले असतील."

"दोन वर्सं! अन् तुले झोप कशी लागते?"

"रात्री गाडी बंद असते ना जी."

रत्नपालने इंजिन बंद करून पट्टा चाचपला, बोटे नाकाशी नेली आणि खुशालकडे पाहिले. "याच्यावर भजे तळले का?"

खुशालने मग सगळे कबूल केले. आधी त्याने पट्ट्याला साबण लावला होता. मग मेणबत्ती घासली. मग बायकोची पावडर टाकली. शेवटी आमगावच्या एका मिलमधल्या माणसाने सांगितले म्हणून धानाच्या कोंड्याचे तेल लावले होते. प्रत्येक उपायानंतर दोन दिवस आवाज कमी यायचा आणि तिसऱ्या दिवशी वाढायचा. आता पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि पंपाच्या पुलीवर नुसताच घसरत होता. पंप फिरत नव्हता, म्हणून पाणी उकळले.

"नवा पट्टा टाका अन् मोकळं करा," खुशाल म्हणाला.

"नवा टाकला तर महिन्यानं नवा बोंबलेल. पट्टा कायले बोंबलते थे पहिले पाहू."

त्याने इंजिन पुन्हा चालू केले आणि लोट्यातून चूळभर पाणी पट्ट्याच्या आतल्या बाजूला सोडले. किंकाळी थांबली. रत्नपाल बोटांवर मोजत होता. सहा झाले आणि किंकाळी परत आली.

"ढिला असता, तर पानी पडल्याबरोबर अजून जोरात ओरडला असता," तो मला म्हणाला. खुशालवर त्याचा विश्वास उरला नव्हता. "हा चूप झाला अन् मंग सुरू झाला. म्हंजे ढिला नाही, वाकडा चालून राहिला. बाबूजी, तुमच्याजवळ सरळ असं काही आहे का?"

माझ्या पिशवीत कार्यालयाची लाकडी फूटपट्टी होती. त्याने ती पुल्यांच्या तोंडावर आडवी धरली. दोन पुल्यांना पट्टी टेकली, डायनामोच्या पुलीला टेकेना. ती दोन चकत्यांच्या जाडीइतकी आत होती. कुणीतरी पूर्वी डायनामो बसवताना बोल्टवरच्या चकत्या मागे लावायच्या त्या पुढे लावल्या होत्या. दोन वर्षे साबण, मेण, पावडर आणि तेल पिऊन पट्टा हेच सांगत होता.

रत्नपालने चकत्या बदलल्या, फूटपट्टी पुन्हा लावून पाहिली, नवा पट्टा चढवला, अंगठ्याने दाबला. अर्धा इंच दबला. इंजिन सुरू केले. किंकाळी नाही. पाय दाबून इंजिन जोरात फिरवले. तरी नाही. तो दहा मिनिटे डोळे मिटून उभा राहिला आणि मग ललिताबाईंना आतून चहा आणायला सांगितला. गाडी चांगली झाली तरच तेथे चहा मिळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी जीप हातपंपाजवळ आली. मी उभा होतो. माझ्याखेरीज कुणी नव्हते. खुशालने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. कुणी आले नाही. धान नेणारे ट्रक, तलावाच्या ठेकेदाराची मासळीची गाडी, सगळे त्या वळणावर हॉर्न वाजवतात. हॉर्न आपल्यासाठी नसतो, हे बोडीटोल्याला ठाऊक होते. पंधरा मिनिटे थांबून आम्ही दोघेच निघालो.

त्या दिवशी गावातला मनिराम तहसीलच्या तारखेला गैरहजर राहिला. कोहमाऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवणारे गुरुजी शाळेत पोचले नाहीत. शांतीबाई पंधरे दुपारी एकपर्यंत पिशवी हातात घेऊन दारामागे उभ्या होत्या. त्यांचे वय सत्तरच्या वर, दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसायचे आणि औषधासाठी त्यांना सडक अर्जुनीच्या दवाखान्यात जावे लागायचे. संध्याकाळी खुशाल गावात शिरताच त्यांनी त्याला पकडले.

"आज आला काऊन नाहीस रे?"

"आलो होतो, आजी. बाबूजीले विचारा."

"बाबू तर घड्याळ पाहून जाते. त्याले का समजते?"

"सांगतो ना, आवाज बंद झाला गाडीचा. दुरुस्त केली."

"दुरुस्त केली मंग आवाज काऊन नाही?" शांतीबाई म्हणाल्या, आणि जमलेल्या सगळ्यांना हा प्रश्न बरोबर वाटला.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी खुशालने जीपला पितळी घंटा बांधली. ती वाजवत तो हातपंपाजवळ आला, तर गावातली यच्चयावत पोरे वाट्या घेऊन जीपभोवती जमा झाली. कुल्फी नाही म्हटल्यावर दोघे रडले. पाचव्या दिवशी त्याने शिट्टी वाजवली, तेव्हा दोन तरुण तलावाच्या बाजूने पळून गेले. ते का पळाले, ते मी विचारले नाही. तोपर्यंत लोकांनी दुसरी वाट धरली होती. तीन किलोमीटर चालत डांबरी रस्त्याला जायचे आणि मिळेल त्या गाडीत बसायचे. शांतीबाईंना तेवढे चालणे शक्य नव्हते. त्यांचे औषध संपले होते. रिकामी जीप आणखी महिनाभर चालवली तर ती विकावी लागेल, हे खुशालला दिसत होते.

तो रत्नपालकडे गेला. मी सोबत होतो.

"मिस्त्री, चकत्या पहिल्यासारख्या लावून द्या."

रत्नपालला वाटले आपण नीट ऐकले नाही. हे त्याच्या बाबतीत सहसा होत नसे. खुशालने पुन्हा सांगितले.

"म्हंजे मी माह्या हातानं पट्टा वाकडा करू?"

"थोडासाच."

"थोडासा वाकडा पट्टा दोन महिन्यांत तुटते. पट्टा तुटला की पंप बंद, पंप बंद की इंजिन गेलं. अन् मंग चौकात लोकं का म्हनतील? रत्नपालच्या इथून आली होती. जा तू. दुसरा मिस्त्री पाहा."

खुशाल दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला नाही. तो ग्रामसभेत गेला. दोन ऑक्टोबरच्या सभेत विषय निघाला, आणि पाणीपुरवठ्यापेक्षा जास्त वेळ चालला. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक मनिराम, अनुमोदक शांतीबाई. मग मला अर्ज लिहायला सांगण्यात आले. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ अर्ज लिहिले, पण या अर्जाला मला दोन संध्याकाळी लागल्या. "विषय : वाहनाच्या फॅनबेल्टचा आवाज पूर्ववत करणेबाबत." पहिल्या मसुद्यात मी बिघाड हा शब्द वापरला होता. सही-शिक्क्याच्या कागदावर ग्रामपंचायत बिघाड मागते हे मला बरे दिसेना, म्हणून तो खोडून सगळीकडे आवाज केले.

रत्नपालने तो अर्ज तीनदा वाचला.

"बाबूजी, तुम्ही शिकलेले मानूस. हे का लिहिलं तुम्ही?"

"गावाने आवाज मागितला आहे," मी म्हणालो. "बिघाड मागितलेला नाही. अर्जात तो शब्द कुठेही नाही, पाहून घ्या."

मी हे केवळ स्वतःला वाचवण्यासाठी बोललो होतो. पण त्याने खरोखर पाहून घेतले. बोट फिरवत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग डोळे मिटले.

"बिघाड नाही, निसता आवाज," तो म्हणाला. "गाडी ठेवून जा खुशाल. चार दिवस."

चार दिवसांत त्याने जे केले ते असे. इंजिनाच्या मोठ्या पुलीला दोन खाचा होत्या. एकीत पट्टा, दुसरी रिकामी. रिकाम्या खाचेत त्याने खुशालचा तो जुना, तेल प्यालेला पट्टा घातला आणि भंगारातून आणलेली एक छोटी पुली बाजूला बसवून तिच्यावरून फिरवला. ही पुली काहीही फिरवत नव्हती. ती मुद्दाम दोन चकत्या वाकडी होती. तिला केबल लावून दांडी ड्रायव्हरच्या शेजारी काढली होती. दांडी ओढली की जुना पट्टा ताणला जायचा आणि किंचाळायचा. सोडली की गप्प. खरा पट्टा आपल्या जागी सरळ चालत राहायचा. तो तुटण्याशी, न तुटण्याशी या आवाजाचा काही संबंध नव्हता.

शनिवारी खुशालने दांडी ओढत गावात फेरी मारली. निम्मे लोक बाहेर आले. निम्मे आले नाहीत. शांतीबाई दारातच उभ्या राहिल्या. "हा खुशाल नोहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच कोनाची गाडी आहे."

म्हणून सोमवारी खुशालने त्यांना स्वतः हाताला धरून जीपमध्ये बसवले आणि कोहमाऱ्याला आणले. रत्नपालने त्यांना गॅरेजच्या दारात लाकडी स्टुलावर बसवले आणि आवाज जुळवायला सुरुवात केली. तो एक चकती काढायचा, दांडी ओढायचा आणि शांतीबाईंकडे पाहायचा.

"हे बकरीवानी आहे."

चकती परत, केबल अर्धा आटा घट्ट.

"हे मानसाचं वाटून राहिलं. कोनाले तरी मारून राहिले असं."

आणखी अर्धा आटा.

"आता खुशालचीच आहे, पन सर्दी झाली तिले."

दोन तास हे चालले. चौकातल्या टपऱ्यांवरचे लोक उठून आले. स्टुलावर एक म्हातारी, बोनेटमध्ये मिस्त्री, गाडी किंचाळली की मिस्त्री आशेने वर पाहतो आणि म्हातारी मान हलवते, असा तो देखावा होता. एक ट्रक दुरुस्तीसाठी वळत होता. ड्रायव्हरने काच खाली करून थोडा वेळ ऐकले आणि "चल बे, आगे देखते हैं," म्हणत गाडी पुढे काढली. त्यामागे एक ट्रॅक्टर होता, तोही थांबला नाही. रत्नपालने दोन्ही पाहिले. तो पुन्हा बोनेटमध्ये वाकला.

ललिताबाई दारात येऊन म्हणाल्या, "बाकीच्या मिस्त्र्यांकडं लोकं आवाज काढायले जातेत. तुम्ही टाकून राहिले."

"बिघाड नाही हा," रत्नपाल म्हणाला.

"थे त्या ट्रकवाल्याले सांगा ना."

शेवटी एक चकती आणखी घातल्यावर शांतीबाईंनी मान वर केली, तोंडावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आला खुशाल. चला, पिशवी घ्या." आणि त्या स्टुलावरून उठल्याच. त्यांना पुन्हा बसवावे लागले.

जाण्याआधी रत्नपालने माझ्याकडून एक प्रमाणपत्र लिहून घेतले. "प्रमाणित करण्यात येते की, सदर वाहनातील आवाज हा बिघाड नसून ग्रामसभेच्या मागणीनुसार बसवलेला आहे." सरपंचांचा शिक्का आणून त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले. उद्या दुसऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडले तर त्याचा गैरसमज नको. खुशालला त्याने एक अटही घातली. आवाज फक्त बोडीटोल्यात करायचा. गाव मागे पडले की दांडी सोडायची. कोहमाऱ्याच्या चौकात आपली गाडी मुकाट्याने आली पाहिजे.

गुरुवारी पहिली फेरी होती. अट पाळली जाते की नाही हे पाहायला रत्नपाल पहाटेच सायकलने पलीकडच्या टोल्यावर गेला आणि तेथून खुशालच्या शेजारी बसून आला. मी हातपंपाजवळ होतो. पाळीच्या चढावर पहिली किंकाळी उठली. गावात दारे वाजली. वळणावर दुसरी, आणि कुलुपे. तिसरीला अकरा माणसे रस्त्यावर होती. गुरुजींच्या सदऱ्याची बटणे लागायची होती. शांतीबाई पिशवी घेऊन सर्वांच्या पुढे. खुशालला काय करू नि काय नको असे झाले होते. रत्नपाल मात्र मान खाली घालून बसला होता. आपल्याच घरचे कुणी भर रस्त्यात आरडाओरडा करीत असावे तसा. मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो. शांतीबाई माझ्या शेजारी.

गाव मागे पडले. खुशालने दांडी सोडली. किंकाळी थांबली. इंजिनाची घरघर तेवढी राहिली, एकसारखी. रत्नपालने मान वर केली. त्याचे डोळे मिटले होते. दोनेक किलोमीटर तो तसाच बसून होता.

"हे कोनाची गाडी आहे गा?" शांतीबाईंनी मला विचारले.

"खुशालचीच आहे, आजी."

"खुशालच्या गाडीले मी ओळखत नाही का? माह्याजवळ खोटं नोका बोलू. मी चुकीच्या गाडीत बसली." त्यांनी वरचा दांडा धरला आणि चालत्या गाडीत उभ्या राहिल्या. "थांबवा. मले उतरू द्या. दवाखान्याच्या नावानं कोठी नेऊन राहिले मले?"

"आजी, बसा, पडाल!" खुशाल समोरून ओरडला. "मीच आहो ना, खुशाल!"

"कोनी तरी खुशालचा आवाज काढून राहिला," शांतीबाई म्हणाल्या. त्यांचा एक पाय मागच्या फळीच्या दिशेने वळला होता. मी आणि मनिरामने त्यांना दोन्ही हातांनी धरले होते, पण त्या आम्हाला झिडकारत होत्या. खरोखर घाबरल्या होत्या.

खुशालने स्टिअरिंग धरून रत्नपालकडे पाहिले. दांडीला हात लावला नाही.

रत्नपालने डोळे उघडले. मागे वळून त्याने शांतीबाईंकडे पाहिले, मग पुढच्या रस्त्याकडे. कोहमारा अजून नऊ किलोमीटरवर होते. त्याने स्वतः हात लांब करून दांडी धरली आणि ओढली.

"हां," शांतीबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "होय ना. खुशालचीच आहे."

रत्नपालने दोनदा दांडी हळूच सोडून पाहिली. दोन्ही वेळा शांतीबाई उठायला लागल्या. मग त्याने सोडली नाही. कोहमाऱ्याच्या चौकात शिरलो तेव्हा टपऱ्यांवरचे लोक कानावर हात ठेवून वळले. पुढच्या सीटवर मिस्त्री बसला होता, दांडी घट्ट धरून, आणि ओळखीच्या प्रत्येकाला दुसऱ्या हाताने नीट जय भीम करीत होता.